पाइन सालीच्या अर्काच्या कॅप्सूल: सहा महिन्यांनंतर

मार्च ते ऑगस्ट, रोज 100 मिलिग्रॅम: 50 सकाळी, 50 रात्री, दोन्ही जेवणानंतर. दिवसभर उभं राहून संध्याकाळी पाय जड होतात, ते एप्रिलअखेरपासून कमी झालं. रक्तदाब होता तिथेच आहे. पोटरीवरच्या फुगलेल्या शिराही जशाच्या तशा. त्या कॅप्सूलने जातील ही आशा कुणी ठेवू नये.

फरक खरा की वाटण्यातला, हे टेपनेच कळतं. घोट्याच्या हाडापासून चार बोटं वर खूण करायची, सकाळी उठल्याबरोबर आणि संध्याकाळी सातला तिथेच घेर मोजायचा आणि दोन आकड्यांतली तफावत लिहून ठेवायची. उन्हाळ्यात शिरा सैलावतात, सूज वाढते; पावसाळा लागला की ती आपोआप उतरते. म्हणून जुलै-ऑगस्टचे आकडे इथे धरलेले नाहीत. मे महिन्यात मुद्दाम तीन आठवडे कॅप्सूल बंद ठेवली, तेव्हा मोज्याचा वळ पुन्हा खोल उमटू लागला. हा एका वापरातला अनुभव, पुरावा नव्हे. उपचारांच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2020 मध्ये या अर्काच्या 27 चाचण्या, एकूण 1641 माणसं, एकत्र तपासली आणि ठाम काही म्हणण्याइतका आधार मिळाला नाही असंच लिहिलं.

खरेदी करताना लेबल नीट वाचा. सालीची नुसती पूड वेगळी आणि अर्क वेगळा. फ्रान्सच्या लांद भागातल्या समुद्रकाठच्या पाइनपासून काढलेल्या पिक्नोजेनॉल या ब्रँडच्या अर्कात प्रोसायनिडिन (सालीतलं तुरट द्रव्य) 65 ते 75 टक्के ठरवलेलं असतं. डबीवर टक्केवारीच नसेल तर ती परत ठेवा. कॅप्सूल उघडून चिमूटभर पूड जिभेवर ठेवली तर हिरड्यासारखी तुरट लागते, तोंड आवळून येतं: प्रोसायनिडिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं. आतड्यात ते लोहालाही असंच धरतं, म्हणून लोहाची गोळी चालू असेल तर दोन तासांचं अंतर ठेवा. कॅप्सूल उपाशीपोटी घेतली की मळमळतं. पहिल्या आठवड्यात तेच झालं, जेवणानंतर घ्यायला लागल्यावर थांबलं. पावसाळ्यात डबीतली सिलिकाची पुडी टाकू नका, ओल धरली की कॅप्सूल एकमेकींना चिकटतात.

रक्त पातळ करणारं औषध (वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, रोजची ॲस्पिरिन) चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. ऑपरेशन किंवा दाढ काढणं ठरलं असेल तर आधीच सांगा. अर्क साधारण दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात.

आणखी एक, आणि हे फार जणांच्या लक्षात येत नाही: रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनमुळेही दोन्ही घोटे सुजतात. ती सूज औषधाची असते, त्यावर हजारो रुपयांचा अर्क घेण्यात अर्थ नाही. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, पण बदलून किंवा मात्रा कमी करून मिळते का, हे नक्की विचारा. आणि एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घट्ट पायमोजे आणि रात्री पायाखाली उशी हे आधीपासून चालूच होतं, ते सोडलेलं नाही. अर्क पुढच्या वर्षी मार्च ते जून एवढाच घेणार.