घरच्या लिनक्स सर्व्हरची डिस्क: एकच पार्टिशन, वेगवेगळी पार्टिशन्स की एलव्हीएम?

डेबियन हे लिनक्स बसवताना डिस्कची पार्टिशन्स (म्हणजे तुकडे) ठरवण्याच्या पडद्यावर पोचलं की ‘गाइडेड’ आणि ‘मॅन्युअल’ असे रस्ते समोर येतात, आणि पहिल्यांदा सर्व्हर उभा करणारा माणूस हमखास तिथेच थबकतो. मी एक ठरावीक यंत्र डोळ्यांसमोर ठेवून बोलतो: जुना मिनी-पीसी, आत २५६ जीबीची एसएसडी, सोबत ४ टीबीची हार्ड डिस्क. काम काय, तर घरातले फोटो, कागदपत्रं आणि डॉकरमध्ये (प्रत्येक प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणारी सोय) चालणाऱ्या दोन-चार सेवा.

कुठलाही रस्ता धरा, इन्स्टॉल करताना मोठ्या डिस्कची केबल काढून ठेवा. यादीत डिस्कची नावं ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी दिसतात आणि ती पुढच्या बूटला अदलाबदल होऊ शकतात. केबलच काढलेली असली की चुकून फोटोंची डिस्क पुसली जाण्याचा प्रश्नच उरत नाही. आता उरली एसएसडी. तिची वाटणी कशी करायची?

सगळं एकाच पार्टिशनमध्ये. यंत्र सुरू करणाऱ्या यूईएफआयसाठी ५१२ एमबीचं छोटं पार्टिशन, थोडं स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची जागा), बाकी सगळी जागा रूटला, म्हणजे सगळ्या फोल्डर्सच्या मुळाशी असलेल्या ‘/’ला. ‘इकडे जागा संपली, तिकडे रिकामी पडलीय’ असं इथे होत नाही. धोका एवढाच, की एखादी सेवा बेसुमार लिहीत सुटली तर रूट भरतो, डेटाबेस थांबतो आणि सगळंच अडतं. पूर्वी ही भीती लॉगची, म्हणजे सेवांच्या नोंदींची, असायची. आता सिस्टीमडीचा (सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमचा) जर्नल स्वतःच फाइल-सिस्टीमच्या (पार्टिशनवरच्या फाइलींच्या मांडणीच्या) १० टक्क्यांवर, आणि जास्तीत जास्त ४ जीबीवर थांबतो. डॉकर मात्र थांबत नाही: त्याच्या नेहमीच्या जेसॉन-फाइल लॉगला मुळात मर्यादाच नसते, ती आपण ‘मॅक्स-साइझ’ देऊन घालायची. तरीही रूट भरलाच, तर ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल-सिस्टीम) रूट युजरसाठी, म्हणजे सर्वाधिकारी खात्यासाठी, ५ टक्के जागा राखून ठेवतं, म्हणून आत शिरून साफसफाई करता येते. हीच राखीव जागा ४ टीबीच्या डेटा डिस्कवर जवळजवळ २०० जीबी खाते आणि तिथे तिचा काही उपयोग नसतो. त्या डिस्कवर ‘ट्यून२एफएस’ या कमांडने ती शून्य करून टाका.

/होम (माणसांच्या फाइली), /व्हार (सेवांचा बदलता डेटा), /टीएमपी (तात्पुरत्या फाइली) वेगवेगळे. ही पद्धत अनेक माणसं एकाच यंत्रावर खाती उघडून काम करायची, त्या काळातली. घरच्या सर्व्हरवर /होम जवळपास रिकामा असतो. फुगतो तो /व्हार, कारण डॉकरच्या इमेजेस आणि पोस्टग्रेस या डेटाबेसचा डेटा दोन्ही /व्हार/लिबमध्ये जातात. मी पहिल्या सर्व्हरवर /व्हारला २० जीबी दिले होते. काही महिन्यांत ते भरले, आणि शेजारी /होममध्ये दीडशे जीबी मोकळे. पार्टिशन वाढतं ते लगेच त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत. /होम आक्रसला तरी मोकळी जागा त्याच्या शेपटाला निघते, /व्हारच्या शेजारी नाही. त्यात ईएक्सटी४ चालू असताना लहान करता येत नाही. लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवर चालणाऱ्या लिनक्समधून) /होम आक्रसून, अख्खा उचलून पुढे सरकवण्यात माझा एक रविवार गेला. तुमच्या सर्व्हरवर खरोखरच चार जणांची खाती असतील तर हा मार्ग विचारात घ्या. एरवी मी तो कुणालाच सुचवत नाही.

एलव्हीएम (लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर). इथे एसएसडीचा मोठा तुकडा एका ‘व्हॉल्यूम ग्रुप’मध्ये जातो आणि त्यातून हवे तेवढे व्हॉल्यूम कापून घ्यायचे. शेजार-पाजाराचा प्रश्नच नाही, जागा ग्रुपमध्ये कुठेही असली तरी चालते. रूटला ४० जीबी, /व्हारला ६०, आणि उरलेली जागा *कुणालाच देऊ नका*. गरज पडली की ‘एलव्हीएक्स्टेंड -आर’ ही कमांड द्या, सर्व्हर चालू असतानाच /व्हार वाढतो. वाढवणं सोपं आणि कमी करणं अवघड (एक्सएफएस ही दुसरी फाइल-सिस्टीम तर लहान होतच नाही), म्हणून सुरुवात आखडत्या हातानेच करावी. डेबियनचा गाइडेड एलव्हीएम ग्रुपमधली किती जागा वापरू, असं विचारतो. तिथे पूर्ण आकडा तसाच ठेवू नका. उबुंटू सर्व्हरमध्ये उलट होतं: मोठ्या डिस्कवरही गाइडेड एलव्हीएम रूटला १०० जीबीच देतो आणि ‘माझी बाकीची डिस्क गेली कुठे?’ म्हणून माणूस घाबरतो. ती ग्रुपमध्येच असते. एक चूक मात्र करू नका. एसएसडी आणि हार्ड डिस्क एकाच ग्रुपमध्ये जोडून त्यांच्यावर एक मोठा व्हॉल्यूम पसरला, तर दोनांतली एक डिस्क गेली तरी सगळं गेलं.

माझा कौल: एसएसडी १२८ जीबी किंवा लहान असेल तर एकच पार्टिशन. त्याहून मोठी असेल तर एलव्हीएम.

आता केबल परत जोडायची. डेटा डिस्कला पार्टिशन्सची नोंद ठेवणारा जीपीटी तक्ताच हवा, जुना एमबीआर २ टीबीच्या पुढे जात नाही. तिच्यावर एकच ईएक्सटी४ पार्टिशन पुरे. एफस्टॅबमध्ये (बूटला कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) ती यूयूआयडीने, म्हणजे न बदलणाऱ्या ओळख-क्रमांकाने, लिहा आणि पर्यायांत ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी बूट अडवू नको) घाला. सर्व्हर गावी आईबाबांकडे आणि तुम्ही पुण्यात असाल तर हा एक शब्द लाखमोलाचा. वीज जाऊन आली, डिस्क उठली नाही आणि ‘नोफेल’ नसेल, तर सिस्टीम दीड मिनिट वाट पाहून इमर्जन्सी मोडमध्ये जाते. मग तिथे कीबोर्ड आणि पडदा जोडणारं कुणीतरी लागतं. पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तरीही हीच गत, कारण पासवर्ड टाकायला माणूस लागतो.

‘नोफेल’चीही एक खोच आहे. डिस्क माउंट झाली नाही (फोल्डरला जोडली गेली नाही) तरी सेवा सुरू होतात आणि फोटो त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे एसएसडीवर, साठत जातात. म्हणून डिस्क माउंट नसताना त्या फोल्डरवर ‘सीएचएटीटीआर +आय’ (बदल रोखणारी कमांड) चालवून ठेवा. मग तिथे कुणालाच लिहिता येत नाही. पहिला फोटो टाकण्याआधी सर्व्हर बंद करा, डेटा डिस्क काढा, पुन्हा चालू करा आणि दुसऱ्या खोलीतून एसएसएच (दुसऱ्या यंत्रावरून लॉगिन) लागतंय का ते पाहा.