बीएलडीसी पंखा: बिलासाठी घेतला, आवडला व्होल्टेजसाठी

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात लाईटची बचत कोणी पर्यावरणासाठी नाही करत बाप्पा, बिल पाहून करते. १०० युनिटच्या वर गेलं का पुढच्या युनिटचा दर एकदम चढते, म्हणून हा बीएलडीसी, म्हणजे कमी लाईट खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा पंखा घेतला. जुना ७५ वॅट खाये, हा फुल स्पीडवर २८, म्हणजे दिवसाचे १५ तास धरले तर महिन्याले २० च्या वर युनिट वाचते, एका पंख्यामागं. पण खरी मजा वेगळीच हाये, मे महिन्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलं का जुन्याच्या पाती मोजून घ्या, हा मात्र तसाच फिरते आन लाईट गेली तरी इन्व्हर्टर जास्त वेळ पुरते. शेजारचे काकाजी भाव विचारून गेले, त्याईले बिलाचं काही नाही, झोपेचं पडलं हाये.

दुकानदारानं जुना रेग्युलेटर काढा म्हणून सांगितलंच नाही, वायरमननं पाहून डायरेक्ट जोडून दिला. रिमोट पोट्टे पळवते, आजी आपली उठून बटनच दाबते. किंमत साध्यापेक्षा बरीच जास्त, म्हणून जिथं पंखा रात्रंदिवस चालते तिथंच लावा, कूलरच्या खोलीत पैसे लवकर वसूल नाही होत.