विकतचं गांडूळ की वावरातलं?

गांडूळखत करायला शेणखताच्या बेडमध्ये (वाफ्यात) विकत आणून सोडतात ते तांबडं गांडूळ, आयसेनिया फेटिडा, मूळचं युरोपातलं. शेण, पालापाचोळा भराभर खातं. दोनेक महिन्यांत खत तयार. बेडसाठी तेच घ्या. पण ते मातीत खोल बिळं करत नाही. काळ्या वावरात सोडलं की शेणासोबत तेही संपतं. (तरी पोतंभर आणून वावरात पसरणारे आहेतच!)

देशी गांडूळ सावकाश. वैशाखात भुई भेगाळली की खोल जाऊन गुंडाळी करून पडून राहतं, मृगाच्या पावसानं वर येतं. त्याच्या बिळांतून पाणी मुरतं, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) मुळांना हवा मिळते. त्याच्या विष्ठेच्या बारीक ढिगल्या धुऱ्यालगत (बांधालगत) सकाळी दिसतात. हे विकत आणावं लागत नाही. फक्त काडीकचरा पेटवू नका, त्याचं जेवण तेच.