फोंड्यातील मांजरांचा दवाखाना : सुई कमी, तपासणी जास्त

फोंडा बाजाराच्या मागच्या रस्त्यावरील या पशुवैद्यकीय दवाखान्यात आम्ही आमच्या दोन्ही मांजरी नेतो. त्याची शिफारस करण्याचे मुख्य कारण म्हणजे तेथे प्रतिजैविके सहजासहजी मिळत नाहीत. अनेकांना तीच तक्रार वाटते, "सुई दिली नाही, मग पैसे कसले घेतले?" असे बाकावर बसलेले लोक उघडपणे म्हणतात.

आमची चिंगी मातीच्या ट्रेमध्ये वारंवार बसून कुंथू लागली आणि लघवीत रक्त दिसले, तेव्हा आधीच्या एका दवाखान्यात तिला न तपासताच सेफॅलोस्पोरिन या प्रतिजैविक गटाचे इंजेक्शन सुचवले होते. येथील डॉक्टरांनी सोनोग्राफीत मूत्राशय पाहत बारीक सुईने पोटातून थेट लघवी काढली, कारण ट्रेमधून घेतलेल्या नमुन्यात बाहेरचे जिवाणू मिसळतात. कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत नमुन्यातले जिवाणू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, जिवाणूंची वाढच झाली नाही. तरुण मांजरींच्या अशा त्रासामागे बहुतेक वेळा जंतुसंसर्ग नसतो, असे सांगून त्यांनी फक्त वेदनाशामक औषध दिले आणि ओलसर खाणे वाढवायला सांगितले. तेवढ्याने भागले.

दुसरी मांजर, गोंडी, अगदी ठणठणीत आहे; परंतु घरात बाबांच्या पायाला मधुमेहाची जखम असल्यामुळे तिच्या अंगात औषधांना न जुमानणारे जिवाणू आहेत का, याची तपासणी करून घ्यावी, असे आईच्या मनात होते. डॉक्टरांनी त्यास नकार दिला आणि त्यामागचे कारण शांतपणे समजावले. निरोगी मांजरीच्या आतड्यात ईएसबीएल बनवणारे ई. कोलाय जिवाणू किंवा नाकात मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारे स्टॅफिलोकोकस जिवाणू कोणतेही लक्षण न दाखवता राहू शकतात. ईएसबीएल ही पेनिसिलिन व बहुतेक सेफॅलोस्पोरिन औषधे निकामी करणारी विकरे (एन्झाइम) आहेत. मात्र असे जिवाणू येतात, कधी आपोआप जातातही, त्यामुळे आजचा अहवाल महिन्याभराने लागू पडेलच असे नाही. आणि ते सापडले तरी निरोगी मांजरीला प्रतिजैविक दिल्यास साधे जिवाणू मरून हट्टी जिवाणूंनाच मोकळे रान मिळते. शिवाय हा स्टॅफिलोकोकस पुष्कळदा माणसाकडूनच मांजरीकडे जातो. आईला हे शेवटचे वाक्य मुळीच रुचले नाही!

त्याऐवजी त्यांनी घरातल्या सवयी विचारल्या. बाबांची जखम झाकलेली असावी, गोंडीने ती चाटू नये, ट्रे बाबांनी साफ करू नये आणि तिला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, एवढेच सांगितले. चिकनच्या दुकानातून आणलेली कच्ची आतडी मात्र त्यांनी ताबडतोब बंद करायला लावली, कारण कच्च्या मांसातून असे जिवाणू मांजरीच्या पोटात जाण्याचा धोका असतो. बांगड्याचे डोकेही उकडूनच घालावे, असे ते म्हणाले.

उणिवा आहेत. कुत्री आणि मांजरे एकाच खोलीत बसवतात, त्यामुळे चिंगी आत जाईपर्यंत पिंजऱ्यात फुगून बसलेली असते. कल्चरचा खर्च साध्या इंजेक्शनच्या कित्येक पट येतो आणि तो आधी सांगितला जात नाही. नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत जातो. जिवाणू वाढायला एक रात्र आणि औषधांच्या चकत्यांभोवती ते कुठवर वाढतात हे पाहायला आणखी एक, एवढा वेळ लागणारच. पण अहवाल आल्यावर दवाखान्याकडून फोन येत नाही, आपणच विचारत राहावे लागते. शुक्रवारी संध्याकाळी दिलेला नमुना सोमवारपर्यंत पडून राहू शकतो. तातडीचे नसेल तर आठवड्याच्या सुरुवातीची वेळ मागून घ्यावी.