९,६०० भरा, म्हणजे ९६,००० सुटतील!

घरबसल्या भाषांतराचं काम देतो म्हणणाऱ्या भामट्यांच्या घशात माझे एकूण ४३,६७९ रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण बँकेत, चौकीत आणि घरात सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच होता. आकडा ऐकला की समोरच्याच्या चेहऱ्यावर "बरं झालं, थोडक्यात वाचल्या" किंवा "शिकलेली बाई आणि एवढे घालवले?" यापैकी एक काहीतरी उमटतं. दोन्ही बघून मी विटले आहे.

हिशोब असा. नोंदणीची 'परत मिळणारी' अनामत ४,९९९. भाषांतराच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स ११,८००. 'आगाऊ टीडीएस', म्हणजे मोबदल्यातून कापला जाणारा आयकर, ९,६००. शेवटी 'जीएसटी' १७,२८०. त्यांच्याकडून मला मिळाले ३,२००. शिवाय चौसष्ट हजार शब्दांचं भाषांतर, प्रूफं वाचून, पानं लावून त्यांच्या घशात गेलं ते निराळंच.

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका प्रेसमध्ये मी बरीच वर्षं डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं लावायचं काम, करत होते. पुस्तकं, दिवाळी अंक, पत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, सगळं केलंय. मालकांनी धंदा आवरता घेतला, तेव्हा म्हटलं आता कोथरूडमध्ये घरी बसूनच कामं घेऊ. श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधल्या फाइली आताच्या युनिकोडमध्ये आणून देणं, पुस्तकाची मांडणी, इंग्रजीतून मराठी भाषांतर. कामाची मला कधीच धास्ती नव्हती. पण ग्राहक आणायचा कुठून? प्रेसमध्ये ग्राहक आपला आपण जिना चढून यायचा, चहा प्यायचा, घासाघीस करायचा आणि काम टाकून जायचा. घरी कोण येणार?

म्हणून फ्रीलान्सरांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये ओळख आणि नमुन्याची पानं टाकली. लगेच फोन आला. माणूस इतकं स्वच्छ मराठी बोलत होता की काय सांगू. ऑफिस बाणेरला, आम्ही बाहेरच्या कंपन्यांची मराठी कामं करून देतो, तुमची पानं फार देखणी आहेत वगैरे. पहिलं काम म्हणून आठ पानी माहितीपत्रक दिलं. संध्याकाळी मी फाइल पाठवली आणि रात्री जेवण उरकायच्या आत ३,२०० रुपये खात्यात जमा. एक चूकही त्याने स्वतःहून कळवली, एका ठिकाणी फोन नंबरचा एक आकडा राहिला होता. म्हणजे फाइल वाचली होती मेल्याने!

ज्यांना "अशी कशी फसलीस" असं विचारायचंय त्यांनी इथेच थांबून विचार करावा. ग्राहक खरा आहे की नाही हे तुम्ही कसं ओळखाल? पैसे देतो का यावरूनच ना? याने दिले होते. मागायच्या आत दिले होते.

मग मोठं काम आलं. कारखान्यातल्या कामगारांसाठी सुरक्षेची नियमपुस्तिका, ६४,००० शब्द, शब्दाला दीड रुपया, म्हणजे ९६,०००. दर बघा, दीड रुपया. पाच सांगितला असता तर मी हसून फोन ठेवला असता. या लोकांना बाजारभाव आपल्यापेक्षा चांगला ठाऊक असतो. मला लोक हव्यास हव्यास म्हणतात त्याचा राग यासाठीच येतो. हव्यास कसला? मी हक्काच्या मजुरीपेक्षा एक पैसा जास्त मागितला नव्हता. मी फसले ती कागदपत्रांच्या धाकाने. नोकरीत असताना पगारपत्रक हातात यायचं, टीडीएस, जीएसटी, व्हेंडर कोड ही सगळी भानगड मालक आणि त्यांचे सीए बघायचे. नव्याने धंदा सुरू करणाऱ्याला यातलं खरं कुठलं आणि बनाव कुठला हे कळत नाही, आणि विचारायची लाज वाटते. आपल्याला एवढंही माहीत नाही हे ग्राहकाला कळेल म्हणून. त्या लाजेवरच यांचं दुकान चालतं.

व्हेंडर नोंदणी, म्हणजे बाहेरून काम करून देणाऱ्याची कंपनीकडे नोंद, खऱ्या कंपन्याही करतात. फॉर्म, पॅन, रद्द केलेला चेक घेतात. पैसे घेत नाहीत. एक रुपयाही नाही.

माझ्याकडून ४,९९९ घेतले आणि कुरिअरने करार पाठवला. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर, गोल शिक्का, सही. तो करार मी तीनदा वाचला आणि त्यातले ऱ्हस्वदीर्घ मनातल्या मनात सुधारले! पण ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अशा कराराला किमान पाचशेचा स्टॅम्प लागतो, हे कुठे माहीत होतं? आणि लेटरहेडवरचा जीएसटी नंबर. कंपनीच्या नावापुढे 'प्रा. लि.' छापलेलं. जीएसटी नंबरात पंधरा अक्षरं असतात, पहिली दोन राज्याची, महाराष्ट्राची २७, आणि पुढची दहा म्हणजे त्या धंद्याचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर कंपनीचं असेल तर सी असतं, एकट्या माणसाचं असेल तर पी. म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर बघायचं. यांच्या 'प्रायव्हेट लिमिटेड'चं सहावं अक्षर पी होतं. कोणा बिचाऱ्या दुकानदाराचा नंबर उचलून छापला असणार. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नंबर टाकला की नाव फुकटात दिसतं. कंपनीचं नाव कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर दिसतं. मी हे सगळं पैसे गेल्यावर बघितलं.

सॉफ्टवेअरचे १०,००० आणि त्यावर १८ टक्के, असे ११,८००. त्याची पावतीसुद्धा आली. वाकडा आकडा आणि पावती असली की माणूस विश्वास ठेवतो. लॉगिन मिळालं, त्यात काम करायचं. गणपतीत घरी पाहुणे असताना मी रात्री जागून शब्द मारत होते. काम पूर्ण झालं, 'मंजूर' असा हिरवा शेरा आला आणि खाली ९६,००० अशी रक्कम दिसायला लागली. काढायला गेले तर आधी टीडीएस भरा म्हणे. दहा टक्के.

आता तो क्षण. माझं डोकं अजून तिथेच आपटतंय.

तो फोनवर स्पीकरवर होता. "मॅडम, सहाच्या आत भरलंत तर आजच्या बॅचमध्ये जाईल, नाहीतर पुढच्या महिन्यात." पावणेसहा झाले होते. मी त्याने पाठवलेला क्यूआर स्कॅन केला, ९६०० टाकले, आणि वर नाव आलं. कंपनीचं नाही. एका बाईचं, आडनावासकट. मी वाचलं. प्रूफाच्या पानावर उलटं पडलेलं अवतरणचिन्ह मला हातभर अंतरावरून दिसतं, ते नाव मला दिसलं नाही असं कसं म्हणू? मी विचारलंसुद्धा. "हे कोणाचं नाव येतंय?" तो जराही अडखळला नाही. "आमच्या अकाउंट्सच्या मॅडम आहेत, कंपनीच्या खात्याची आजची यूपीआय मर्यादा संपली." आणि वर म्हणाला, "तुमचं लक्ष बारीक आहे हं." कौतुक! मी पिन टाकला.

पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. आणि टीडीएस पैसे देणारा कापून घेतो, बाकीचे आपल्याला देतो, आणि कापलेला कर आयकराच्या पोर्टलवर आपल्या पॅनवर दिसतो. आपण आधी खिशातून भरायचा टीडीएस जगात नाही. जीएसटीचंही तेच. सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणीच लागत नाही, आणि लागली तरी तो कर बिलात लावून ग्राहकाकडून घ्यायचा आणि सरकारकडे भरायचा असतो. कुठल्या तरी बाईच्या क्यूआरवर नाही.

टीडीएसनंतर '७२ तास थांबा' असा निरोप आला. हे ७२ तास नीट लक्षात ठेवा. ते तुमच्यासाठी नसतात, त्यांच्यासाठी असतात. तेवढ्यात पैसे चार खाती फिरून एटीएममधून निघून जातात. मी शहाण्यासारखी थांबले. मग जीएसटीचे १७,२८० मागितले, तेव्हा आधीचे अडकलेत म्हणून तेही भरले. मग लॉगिन बंद, फोन बंद.

बाणेरच्या पत्त्यावर गेले. काचेची इमारत, खाली रखवालदार. कंपनीचं नाव घेतलं तर त्याने रजिस्टरसुद्धा उघडलं नाही. "त्यांचं इथं काय नाय ताई. तुमच्यासारखी येतात माणसं विचारत." मग इमारतीवाल्यांनी पोलिसांना सांगितलं का नाही? बाहेर एक पाटी लावायला काय हरकत होती?

आणि आता आपल्या यंत्रणा. सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन १९३०, तिथे फोन केला, तक्रार नोंदली गेली, नंबर मिळाला. फोन पहिल्या तासाभरात केला तर पैसे पुढच्या खात्यात गोठवता येतात, माझा वेळ त्या ७२ तासांत गेला होता. पुढचा तमाशा मात्र ऐका. माझ्या बँकेची शाखा (नाव लिहीत नाही) म्हणते, "व्यवहार तुम्हीच पिन टाकून केलाय, आम्ही काय करणार? एफआयआरची प्रत आणा, मग बघू." चौकी म्हणते, "बँकेचं पत्र आणा, मग अर्ज घेऊ." मी दोन्हीकडे फाइल घेऊन फिरतेय. साहेब बंदोबस्ताला गेलेत. साहेब आले तर जेवायला गेलेत. व्हॉट्सअ‍ॅपचे सगळे संवाद छापून आणा, रंगीत, तीन प्रती. आणल्या. ते न चाळताच एक जण म्हणाला, "काम दिलं होतं ना त्यांनी? तुम्ही केलंत ना? मग हा व्यवहाराचा वाद झाला. वकील गाठा." दुसरा म्हणाला, "ऑनलाइन केलीये ना तक्रार? मग इथं कशाला आलात?" आणि ऑनलाइन बघावं तर तिथे शेरा, स्थानिक पोलिसांशी संपर्क साधा! तिसऱ्याने तर बाकावरच्या एका आजोबांकडे बोट दाखवलं, "त्यांचे एक्कावन्न लाख गेलेत, तुमचे त्रेचाळीस हजार." म्हणजे माझी तक्रार स्वस्तातली. आजोबा माझ्याकडे बघून ओशाळल्यासारखे हसले. मला त्यांची जास्त दया आली की स्वतःची, कळलं नाही. पण राग कोणाचा आला हे नीट कळलं.

मुळात १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. त्याच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. घेतली नाही तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याला लेखी पाठवता येते. हे मला चौकीतल्या कोणी सांगितलं नाही, वाचून काढलं. कलमाचा आकडा घेऊन गेले त्या दिवशी मात्र बसायला खुर्ची मिळाली. तुम्हीही आकडा पाठ करून जा, अर्जाच्या प्रतीवर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.

दीर हिंजवडीला आयटीत आहे. "वहिनी, मला एक फोन करायचा होतात." हो, करायला हवा होता. मागच्या दिवाळीत लॅपटॉप बघायला बोलावलं होतं तेव्हा तो पाडव्यानंतर उगवला होता.

अजून एक, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते. त्याचे पैसे मागणारेही याच ग्रुपांमध्ये हिंडतात. आधार कोणाला द्यावंच लागलं तर आकडे झाकलेलं द्या, माझं उघडं गेलंय आणि त्याची धाकधूक आता जन्माची. आणि ग्रुप चालवणाऱ्यांनो, त्या माणसाचा नंबर मी कळवला तर "इथे नकारात्मक पोस्ट नको" म्हणून माझाच मेसेज उडवलात, शाबास.

आता काम आहे, नाही असं नाही. प्रेसमध्ये येणारे एक निवृत्त प्राध्यापक मला शोधत आले, आत्मचरित्राची मांडणी करायची आहे. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले छपाईला फाइल जाण्याआधी, असं मी सांगितलं तर ते म्हणाले, "अर्थातच." मला वाटायचं आगाऊ मागितलं तर पहिला ग्राहक पळेल. पळणारा पळू दे की! जुन्या ओळखी, छापखाने, आधी काम केलेले लेखक, यांना फोन करायला मला कमीपणा वाटत होता आणि अनोळखी माणसाला ४,९९९ द्यायला वाटला नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा एक फोन आला. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे ४३,६७९ वसूल झालेत." आकडा रुपयापर्यंत बरोबर, तो कुठून मिळाला ते तपासा म्हटलं तर चौकीत परत अर्ज मागतात. "फक्त फाइल चार्ज २,५०० पाठवा, संध्याकाळपर्यंत जमा होतील." या वेळी मीच त्याला म्हटलं, एक मिनिट थांबा, आणि कॉल रेकॉर्डिंग चालू केलं. मग पुढे जे बोलले ते सदाशिव पेठेत बोलतात तसं होतं, इथे लिहिता येणार नाही. ते रेकॉर्डिंग आणि नंबर अर्जाला जोडलाय. अर्ज अजून 'चौकशीवर' आहे.