१,८०,००० किलोमीटर पळालेल्या गाडीचा टर्बो: आठ महिन्यांनंतर

सेकंडहँड डिझेल गाडी घेतली तेव्हा मीटरवर १,८०,००० किलोमीटर होते आणि टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) मूळचाच. आज आकडा १,९४,००० आहे, टर्बो तोच, आणि चढावर गाडी मस्त ओढते. घेण्याआधी अर्धा तास घालवून टर्बो तपासला, याचं आजही समाधान आहे.

इंजिन पूर्ण थंड असताना एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढला. बोटांनी कॉम्प्रेसर व्हीलचा (हवा दाबणाऱ्या चाकाचा) मधला नट धरून शाफ्ट (त्याचा दांडा) हलवला. आडवा किंचित हलला. इथेच बरेच जण घाबरतात. पण साध्या बुश बेअरिंगच्या टर्बोत शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगतो, त्यामुळे बंद इंजिनात एवढा प्ले (सैलपणा) असतोच. शाफ्ट एका बाजूला दाबून व्हील फिरवा; पाती हाउसिंगला घासायला नकोत. आत-बाहेर ओढल्यावर मात्र प्ले हाताला जाणवला, तर शाफ्टला आत-बाहेर सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग झिजलंय असं समजा. अशी गाडी मी घेतली नसती. मग टॉर्च लावून पात्यांच्या कडा एकेक करून पाहिल्या. हा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, त्या वेगात आत गेलेली धूळसुद्धा कडा खाते.

पाइपात बोट फिरवल्यावर काळपट ओलसर डाग आला. एवढं ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ हवेच्या पाइपात सोडणाऱ्या नळीतून) येतंच. इंटरकूलरमध्ये (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या भागात) साचलेलं निघालं असतं तर विषय वेगळा होता.

पाचव्या महिन्यात पिकअप गेला, मागे काळा धूर, आणि ॲक्सिलरेटर दाबला की फुसफुस आवाज. गॅरेजवाल्याने न उघडताच टर्बो बदलायला सांगितलं. मी आधी होज (रबरी पाइप) बघायचा आग्रह धरला. इंटरकूलरच्या होजला खालच्या बाजूने, क्लॅम्पजवळ, दोन बोटं लांब चीर होती. आयडलला ती मिटलेली असायची, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आला की उघडायची. होज बदलला आणि गाडी पूर्ववत झाली. विनंती आहे, टर्बोवर खर्च करण्याआधी सगळे होज हाताने चाचपून बघा, खालची बाजूसुद्धा.

ऑइल मी कंपनीच्या मुदतीआधीच बदलतो, ग्रेड मॅन्युअलमधलाच. लांब पळवल्यावर मिनिटभर आयडलला ठेवून मगच बंद करतो.

सध्या लक्ष टर्बोतल्या व्हेन (एक्झॉस्टचा झोत वळवणाऱ्या पट्ट्या) हलवणाऱ्या ॲक्च्युएटरच्या रॉडवर आहे. इंजिन चालू केलं की व्हॅक्यूमने आत ओढला जातो, बंद केलं की परत येतो. गेल्या महिन्यापासून परत येताना जरा अडखळतोय. व्हेनवर काजळी धरली असावी, पुढच्या सर्व्हिसला उघडून साफ करून घेणार आहे.