जुनी चावी डिलीट केली म्हणाला, पण केलीच नव्हती

ज्यांच्या गाडीची एक चावी हरवलीय आणि जे आता नवीन बनवायला निघालेत त्यांनी आधी हे वाचा, कारण मी सात महिने बिनधास्त झोपत होतो आणि तसं झोपण्यासारखं काहीच नव्हतं.

प्रवासात माझी बॅग राहिली. त्यात गाडीची चावी होती आणि गाडीच्या कागदांची झेरॉक्स पण, म्हणजे नंबर, पत्ता सगळं आलं. दुसरी चावी घरी होती त्यामुळे गाडी अडली नाही, पण भीती होती की कोणीतरी येऊन गाडी घेऊन जाईल. म्हणून चावीवाल्याला मी स्पष्ट सांगितलं, मला नुसती डुप्लिकेट नकोय, हरवलेल्या चावीवर गाडी चालू व्हायलाच नको. तो म्हणाला, "काळजीच करू नका, जुनी डिलीट मारतो आणि नवीन प्रोग्राम करून देतो." दोन्ही कामांचे पैसे वेगवेगळे लावले, मी दिले.

मग माझी चांगली चावी घेऊन तो आत गेला, पातं कापलं, चावी एका मशीनवर ठेवली, दहा पंधरा मिनिटांत बाहेर आला, गाडी चालू करून दाखवली, रिमोटची बटणं पण चालली. झालं म्हणाला. गाडी तोपर्यंत बाहेर उभी होती आणि तिला त्याने हात पण लावला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही आणि खरी गोम तिथेच होती.

सात महिन्यांनी बॅग परत मिळाली, एका भल्या माणसाने पोचवली. सहज म्हणून ती जुनी चावी लावून बघितली तर गाडी पहिल्या झटक्यात चालू. माझ्या अंगावर काटा आला.

सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो तेव्हा तिथल्या मेकॅनिकने नीट समजावलं. चावीच्या डोक्यात जी छोटी चिप असते तिला बॅटरी लागत नाही, इग्निशनच्या भोवती एक कॉइल असते, तिच्यातूनच चिपला पॉवर मिळते आणि चिप उत्तर देते, ते उत्तर पटलं तरच इमोबिलायझर, म्हणजे गाडीतली चोरी रोखणारी यंत्रणा, इंजिन चालू होऊ देते. रिमोटची बटणं चालणं आणि चिपवर गाडी चालू होणं ही दोन वेगळी कामं, म्हणून दरवाजा उघडला म्हणजे चिप प्रोग्राम झाली असं समजू नका. आता प्रोग्राम करणं म्हणजे गाडीला स्कॅनर जोडून, बहुतेक ओबीडी पोर्टमधून (गाडी तपासायला मशीन जोडतात ते सॉकेट), नवीन चिपची ओळख गाडीच्या मेमरीत टाकणं. आणि क्लोन म्हणजे चांगल्या चावीची चिप वाचून तीच ओळख दुसऱ्या चिपवर उतरवणं, त्याला गाडी लागतच नाही, गाडीला दोन्ही चाव्या एकच वाटतात. माझ्या गाडीच्या चावीत हिटॅग-२ प्रकारची चिप आहे, तिचं एन्क्रिप्शन, म्हणजे तिचा गुप्त कोड, संशोधकांनी २०१२ मध्येच फोडून दाखवलंय, त्यामुळे अशी कॉपी काढणं अवघड राहिलेलं नाही.

त्याने स्कॅनर लावला तर मेमरीत चाव्या दोनच. माझ्या हातात तीन, आणि तिन्हीवर गाडी चालू होते! म्हणजे मेमरीत एक घरची चावी, एक हरवलेली, आणि मला दिलेली ही घरच्या चावीची कॉपी. डिलीट काहीच झालं नव्हतं.

क्लोन करणं वाईट नाही हो, नुसती जास्तीची चावी हवी असेल तर चालतं की. पण हरवलेली चावी बंद करतो म्हणून पैसे घ्यायचे आणि क्लोन हातात द्यायचा ही सरळ फसवणूक आहे. मी परत गेलो तर म्हणाला, गाडी चालू होतेय ना मग प्रॉब्लेम काय, आणि बिलावर डिलीट कुठे लिहिलंय? खरंच लिहिलं नव्हतं, बिलावर फक्त 'चावी' एवढंच. ते लिहून घ्या. आणि स्कॅनर गाडीला लावतोय का ते उभं राहून बघा, कामाआधी आणि नंतर मेमरीत किती चाव्या आहेत तो आकडा दाखवायला लावा, बहुतेक गाड्यांत जुन्या चाव्या काढताना सगळ्याच पुसून हातातल्या परत शिकवाव्या लागतात, त्यामुळे जो माणूस तुमच्याकडच्या बाकीच्या चाव्या घेऊन या असं म्हणत नाही त्याला तिथेच विचारा की हे करणार कसं.

सर्व्हिस सेंटरने माझ्या गाडीची मेमरी पुसून फक्त घरची चावी परत शिकवली. परत आलेली चावी मी मुद्दाम मेमरीबाहेर ठेवली, मधल्या सात महिन्यांत तिची पण कोणी कॉपी काढली असेल तर ती चालायला नको. दरवाजाची कुलुपं मात्र अजून बदलायची आहेत, कारण चिप बंद झाली तरी त्या पात्याने दरवाजा उघडतोच.